राजणीचा महादरवाजा

पूर्वेचे डोंगर तांबूस होऊ लागले तेव्हा राजणीच्या तटाखाली, चार महिने किल्ल्याला विळखा घालून बसलेल्या सरदार दर्याजीरावाच्या छावणीत चुली धुमसत होत्या. आणि वर, तटाच्या आत वसलेल्या गावात मात्र चूल पेटवावी असे कोणाच्याच घरी फारसे काही उरले नव्हते. किल्लेदार हणगोजीराव तोफेच्या गोळ्याने मांडी फुटून अंथरुणाला खिळले होते. त्यांचे धाकटे बंधू रायाजीराव कारभार पाहत होते, पण पंधरवड्यापूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा निळोजी चकमकीत पडल्याची खबर आली, तेव्हापासून तेही खचले होते.

तरी गाव तग धरून होते, ते धुरजाईच्या भरवशावर. वेढा पडल्यापासून ग्रामदेवतेचा तांब्याचा मुखवटा ल्यालेली एक आकृती छावणीत अवचित शिरे, दारूगोळा पेटवून देई आणि भोवती दाटलेल्या धुक्यात दिसेनाशी होई. देवी स्वतः रक्षणाला उतरते, असे लोक मानत. त्या मुखवट्याआड किल्लेदारांची सतरा वर्षांची लेक भिवरा होती, हे तिच्या बापालाही ठाऊक नव्हते. मुखवटा चढवला की दरीतून धुके उठे आणि उतरवला की विरून जाई. हे कसे घडते ते तिचे तिलाही उमगले नव्हते.

त्या सकाळी रायाजीरावांनी दवंडी पिटवली. मित्रगावाहून धान्याच्या गाड्या वेढा चुकवून घाटात पोहोचल्या आहेत, महादरवाजा उघडायचा आहे. बायाबापड्या पोरांना कडेवर घेऊन दरवाजाशी गोळा झाल्या. भिवरा बुरुजावर चढली आणि तिने घाटाकडे पाहिले. पोत्यांनी शिगोशीग भरलेल्या गाड्या चढण चढत होत्या, आणि बैलांना धापसुद्धा लागली नव्हती.

ती धावत काकांकडे गेली, पाहिले ते तिने सांगितले. रायाजीरावांनी तिच्याकडे न पाहताच, तू तुझ्या आबासाहेबांच्या उशाशी बैस, एवढेच म्हटले. ज्या काकांनी तिला घोड्यावर बसायला शिकवले, त्यांची नजर आज आपल्याला टाळते आहे हे तिने ओळखले, आणि मग तिला दुसरे काही विचारायचे उरले नाही.

दरवाजालगतच्या धुरजाईच्या देवळीतून तिने मुखवटा उचलला. तो चेहऱ्यावर येताच दरीतून पांढरे धुके उसळले, आणि त्याच्या आडोशाने ती उघड्या दरवाजातून खंदकावरच्या अरुंद पुलावर धावली. पहिली गाडी पुलाच्या मधोमध आली होती. कट्यारीने तिने बैलांच्या जुपण्या कापल्या. बैल बुजून पुढे सुटले, गाडी जागीच बसली आणि मागच्या गाड्या तिच्यामागे अडकल्या. मग तिने वरचे पोते फाडले. आतून भुसा सांडला, आणि भुशाखालून नंग्या तलवारीचा माणूस उठला.

दगा आहे, दरवाजा लावा, असे ती ओरडली. पण धुक्यात पहारेकऱ्यांना काहीच दिसेना. आत रायाजीरावांचा आवाज चढला: धुके आले म्हणजे देवीच गाड्यांना वाट दाखवते आहे, दरवाजा उघडाच राहू द्या. पहाऱ्याचा नाईक बहिरू अडसराला हात लावून घोटाळला. ज्या धुक्याने तिला चार महिने वाचवले, तेच आज गावाच्या डोळ्यांवर आले होते.

पळायचे तर अजून वाट होती. भिवराने मुखवटा उतरवला.

धुके विरले. कोवळ्या उन्हात सगळ्या गावाने पाहिले: गाड्यांतून उड्या टाकणारे धारकरी, त्यांच्यापुढे एकटी उभी असलेली किल्लेदारांची लेक, आणि दरवाजाच्या तोंडाशी तिचे काका.

"काकासाहेब, दरवाजा लावायला सांगा," ती म्हणाली.

"निळू जिवंत आहे, भिवरा," रायाजीराव म्हणाले. "त्यांच्या कैदेत आहे. दरवाजा उघडला तर सोडतो म्हणालेत. आणि आता तूही बाहेर आहेस."

"आम्ही दोघं बाहेर आहोत. बाकी सगळा गाव आत आहे."

धारकऱ्यांचा पहिला वार तिने कट्यारीवर झेलला. दुसरा वार तिचा गाल चिरून गेला. रायाजीरावांनी एकवार मागे वळून पोरांना कवटाळलेल्या त्या बायांकडे पाहिले.

"नाईक, दरवाजा लाव," ते म्हणाले, आणि तिथेच खाली बसले.

अडसर पडला. अडकलेल्या गाडीला वळसा घालून एका वेळी एकालाच पुढे येता येई, आणि बहिरू नाईकाने बुरुजावरून तिरांची अशी झोड उठवली की आलेला परत जात नसे. भिवराने पाठ दरवाजाला टेकवून झुंज दिली, ती वरून सोडलेला दोर हाती येईपर्यंत. तिला वर ओढून घेतले तेव्हा दोर रक्ताने निसरडा झाला होता.

निवडक माणसे पुलावर गमावल्यावर दर्याजीरावाचा धीर सुटला आणि आठवडाभरात वेढा उठला. निळोजी मात्र परतला नाही. दरवाजा लागला त्याच दिवशी छावणीत त्याला मारले होते.

हणगोजीराव मेण्यातून सदरेवर आले. फितुरीला कडेलोट हीच शिक्षा होती, आणि रायाजीरावांनीही दुसरी मागितली नाही. तेव्हा गालावर पट्टी बांधलेली भिवरा पुढे झाली आणि म्हणाली की दरवाजा यांनी विकला हे खरे, पण लेकराचा जीव जाणार हे ठाऊक असून तो लावण्याचा हुकूमही यांच्याच तोंडून निघाला.  किल्लेदारांनी कडेलोटाऐवजी हद्दपारी फर्मावली.

निघण्याच्या दिवशी रायाजीरावांना निरोप द्यायला कोणी आले नाही. भिवरा तेवढी त्यांच्याबरोबर घाटाच्या वळणापर्यंत चालत गेली. तिथे ते थांबले.

"निळू माझ्या जागी असता," त्यांनी विचारले, "तर त्यानं उघडला असता का दरवाजा?"

खोटे बोलून त्यांचे ओझे हलके करता आले असते. पण निळोजी तिच्याबरोबर वाढला होता.

"नाही, काकासाहेब."

रायाजीरावांनी मान हलवली. त्यांना हेच ऐकायचे होते की काय, कोण जाणे. पाठ सरळ करून ते घाट उतरू लागले, आणि पायथ्याच्या झाडीत दिसेनासे होईपर्यंत भिवरा वळणावरून हलली नाही.