देवाचे पाच, सरकारचे पाच

एप्रिलमध्ये सरकारने दरवर्षीप्रमाणे उन्हाळ्यापुरती घड्याळं तासभर पुढे केली, आणि दुसऱ्याच सकाळी नर्स इरेंदिरा डोळे चोळत बेकरीच्या दारात उभी राहिली. बाहेर मिट्ट काळोख. आत पिठाने पांढरा झालेला मेल्चोर आत्ता कुठे भट्टी पेटवत होता.

"पाव?"

"देवाच्या वेळेने मिळेल. तुमचं घड्याळ सरकारी दिसतंय."

"दवाखाना सरकारी आहे. घड्याळ दुसरं कुठून आणू?"

मिचोआकान प्रांतातल्या त्या डोंगरगावाने सरकारी वेळ कधी मानलीच नव्हती; त्यांची जुनी वेळ तीच देवाची वेळ, सरकारीपेक्षा तासभर मागे. दवाखाना उघडे तेव्हा गाव अंथरुणात, आणि कुलूप लावताना दारात ही रांग! शहरातून आलेल्या इरेंदिराची झोपच उडाली. रात्री डोळा लागेना, दिवसा डोकं ठणके. वैतागून तिने बदली मागितली.

मेल्चोर मात्र तिच्यासाठी रोज तासभर आधी उठून पाव भाजू लागला होता.

"झोप मोडली की रक्तदाब वाढतो," ती दटावायची.

"तो तर तुम्ही दिसलात की वाढतोच..."

ती हसू दाबत पाव घ्यायची. आणि नेमकी तेव्हाच बदली मंजूर झाली. सोमवारच्या बसने निघायचं होतं.

मेल्चोरचा चेहरा उतरला. "रविवारी संध्याकाळी पाचला चौकात याल? थोडं बोलायचंय."

तिने होकारार्थी मान डोलावली. कोणाचे पाच, हे दोघांनीही विचारलं नाही.

रविवारी तिला वाटलं, जाता जाता एकदा तरी त्याच्या वेळेने वागावं. देवाच्या पाचला ती चौकात पोचली, तर मेल्चोर बाकावर मान टाकून गाढ झोपलेला.

"येऊन तासभर झाला त्याला," शेजारची फुलवाली म्हणाली. "म्हणाला, नर्सबाई सरकारी वेळेने येतील. वाट बघता बघता पेंगला बिचारा."

त्याला उठवायचा इरेंदिराला धीरच होईना. ती हळूच शेजारी बसली. त्याचं डोकं तिच्या खांद्यावर कललं, तशी ती हललीसुद्धा नाही. हा माणूस आपल्याला हवा आहे, हे तिला तिथेच कळलं.

तो दचकून जागा झाला. "मला... उशीर झाला?"

"नाही. काय बोलायचं होतं?"

"पाठ करून आलो होतो. सगळं विसरलो." तो खाली बघू लागला. "जाऊ नका — एवढंच."

"नाही जात. उद्याच ऑफिसला कळवते तसं." तिने त्याच्या केसांतलं पीठ झटकलं. "आता घरी जाऊन नीट झोपा, मेल्चोर. मला धडधाकट नवरा हवाय."