सतरा नंबरची काच

एक पिवळं फडकं.

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं.

अंगठ्याला गुंडाळलेली चिकटपट्टी.

बिघाड : शून्य.

एक कोळी.

तिची पाळी सातची. चौकातल्या गाड्या कॅमेरे मोजतात, त्यावर सिग्नल हिरवा होतो. नियंत्रण कक्षात बसून तिनं त्या कॅमेऱ्यांवर नजर ठेवायची. आणि रोज सात दहाला सतरा नंबरच्या पडद्यावर एक हात यायचा, पिवळ्या फडक्यानं काच पुसायचा, जायचा. चेहरा कधीच नाही. एकदा अंगठ्याला पट्टी दिसली, तर दिवसभर तिचा जीव टांगणीला. ताई म्हणाली, नुसत्या हातावर भाळलीस, पुढचा माणूस टकला निघाला तर?

मग साहेबांनी अहवाल मागितला : कोणत्या यंत्राची नेमानं निगा राखायची आणि कोणतं बिघडल्यावरच दुरुस्त करायचं. पंधरा दिवसांत हवा. सतरा नंबरपुढे तीन वर्षांत बिघाड शून्य. म्हणजे पुसायची फेरी बंद, आणि फडकेवाल्याची दुसऱ्या शहरात बदली. ते शून्य काही तिच्या घशाखाली उतरेना. ती थेट खांबापाशी जाऊन उभी राहिली.

तो शिडीवर होता. टकला नव्हता.

“हा एकदाही कसा बिघडला नाही?”

“मी बिघडू दिला नाही.”

“मग नोंद कुठाय?”

“तक्त्यात बिघाडाचाच रकाना आहे, मॅडम. पुसल्याचा नाही.”

तिला हसू आलं... मग तिनं बदलीचं सांगितलं. त्यानं फडक्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली. शेवटी तिनंच तोड काढली : गोदामांच्या रस्त्यावर वर्दळ नसते, तिथला बावीस नंबर आठ दिवस पुसायचा नाही. तो नाइलाजानं हो म्हणाला. हात शिवशिवतील, एवढंच पुटपुटला.

सहाव्या दिवशी कोळ्यानं काचेवर बिऱ्हाड थाटलं. रिकाम्या रस्त्यावर कॅमेऱ्यानं तासात एकशेचाळीस गाड्या मोजल्या आणि सिग्नल मोठा रस्ता खोळंबवून कोळ्याला हिरवा दिवा देत राहिला. साहेब डोळ्यांत पाणी येईतो हसले. मग सही केली : सिग्नलच्या रस्त्याखालच्या तारा बिघडल्यावर बघू, कॅमेऱ्यांची फेरी मात्र चालू.

तिनं स्वतः फोन लावला.

“फेरी राहिली. तुम्हीही.”



“म्हणजे... सतरा नंबरला रोज येऊ?”

“ये ना —” ती म्हणाली, आणि मग कळलं, ‘तुम्ही’ कुठेतरी गळून पडलं होतं. “मी वाट बघते. सात दहाला.”

“तुझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी कपाटाची किल्ली मीच दिली होती तुला. तू मान वर केली नव्हतीस.”

दुसऱ्या सकाळी हात आला. काच पुसली. थबकला... आणि वरून, उलटा, एक चेहरा हळूच पडद्यात उतरला. कान लालबुंद.

ती नोकरीला लागण्याआधी सतरा नंबरची काच पावणेअकराला पुसली जायची.