थोरलीचं व्हायोलिन

"आमचं व्हायोलिन कुणीतरी मुकं करून टाकलंय," प्राध्यापक दारातूनच म्हणाले.

खासगी तपास करणाऱ्या वहिनींनी चहाचं गाळणं खाली ठेवलं. त्यांचे दीर, म्हणजे भावोजी, बिस्किटांचा पुडा लपवायला विसरले.

"बसा. पहिल्यापासून सांगा."

प्राध्यापक बसले नाहीत. त्यांच्या विभागातली एक विदुषी जुन्या हस्तलिखितांच्या अभ्यासासाठी परदेशी गेली होती. मागोमाग त्या देशावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. ती तिथे आजारी पडली, हृदयाची शस्त्रक्रिया तातडीने हवी होती. मित्रांनी वर्गणी जमवली, पण बँकेतून पाठवलेली रक्कम परत आली. शेवटी एक मदतसंस्था सापडली. तिथल्या रुग्णालयाचं बिल भरायची त्या संस्थेला रीतसर परवानगी होती. मात्र परवानगीची मुदत आज संपत होती आणि वर्गणी अजून कमी पडत होती.

"म्हणून तिचं व्हायोलिन विकायचं ठरलं. तिच्या वडिलांनी बनवलेलं. संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय, वाजवून बघितल्याशिवाय घेणार नाही. आणि सकाळी डबा उघडला, तर तारा सगळ्या सैल, घोडी आडवी!"

"घोडी?" भावोजी सावरून बसले.

"तारांना उचलून धरते ती लाकडी पट्टी," वहिनी म्हणाल्या. "डबा कुठे आहे?"

"तिच्या धाकट्या बहिणीकडे. मी लगेच कुलूप लावलं, किल्ली खिशात. नुसतं 'बिघडलंय' म्हणालो, कुणाला बघूही दिलं नाही."

"काल तिथे कोण कोण होतं?"

"वाद्यं दुरुस्त करणारा कारागीर डबा देऊन गेला. नंतर मी थोडा वेळ एकटाच बसलो होतो. धाकटी तर घरातच असते."

"या विदुषीशी तुमचं पटायचं?"

प्राध्यापकांचा चेहरा ताठ झाला. "परदेशाच्या आमंत्रणासाठी माझाही अर्ज होता. निवड तिची झाली. झोंबलं मला. पण आज तिच्यासाठी मीच दारोदार फिरतोय, बाई."

धाकटीचं घर दोन खोल्यांचं. भिंतीवर थोरलीचे फोटो: पदवी घेताना, पुरस्कार घेताना. एका फोटोच्या कडेला धाकटीचा नुसता खांदा आला होता.

"ताईसाठी सगळे धावतात," धाकटी म्हणाली. "मला ताप आला तर शेजारीण डोकावते, तीही साखर मागायला."

भावोजींना हसू आलं. वहिनींनी डोळे वटारले.

"तुम्हाला वाजवता येतं?"

"मला वाद्यातलं ओ की ठो कळत नाही. बाबा कामाच्या टेबलाशी फिरकू द्यायचे नाहीत. कौतुक ताईचं, व्हायोलिनही ताईचं." ती जरा घुटमळली. "पण आतली कांडी पुन्हा उभी करता येते ना? गिऱ्हाईक परत जाणार नाही ना?"

"बघू," वहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात वहिनींनी निरोप पाठवून बोलावलेला कारागीर आला. तो दारातच तडकला.

"माझ्यावर संशय? आठवडाभर माझ्याच दुकानात होतं ते. पुसलं, तारा बदलल्या, तेही एकेक करून."

"या मुलींचे वडील कसे कारागीर होते?"

"खोटं कशाला बोलू? माझ्या दुकानात उभं राहून लोक त्यांचं कौतुक करतात. पोटात दुखतं माझ्या."

प्राध्यापकांनी कुलूप काढलं. व्हायोलिन उचलून त्यांनी ते टेबलावर खुशाल पालथं घातलं. आत काहीतरी खडखडलं.

"अरे देवा, आतून फुटलं की काय?" ते किंचाळले.

कारागिराने झडप घालून ते सरळ केलं. सैल तारांखाली, जिथे घोडी आडवी झाली होती, तिथे मऊ कापडाची घडी नीट सरकवलेली होती.

वहिनी खुर्चीत बसल्या. "भावोजी, कोणी केलं?"

"प्राध्यापकांनी. अर्ज नाकारला ना त्यांचा."

"त्यांना आत काय असतं तेच ठाऊक नाही. खडखडाट ऐकून तेच सगळ्यात जास्त घाबरले."

"मग कारागीर!"

"आठवडाभर वाद्य त्याच्या हातात होतं. बिघडवायचं असतं तर दुकानात निवांत बिघडवलं असतं. दुसऱ्याच्या घरी चोरून कशाला? आता या कापडाकडे बघा. शत्रू तारा तोडतो, लाकूड फोडतो. इथे मात्र घोडी पडताना ओरखडा उठू नये म्हणून कुणीतरी घडी ठेवली. त्याला वाद्य गप्प करायचं होतं, दुखवायचं नव्हतं. का हो, तारा एकदम सैल केल्या तर काय होतं?"

"दाब जातो," कारागीर म्हणाला. "पोटात एक कांडी नुसती दाबावर उभी असते. ती पडते. मग आवाज संपला."

"डबा बंद होता. बिघाड काय, ते प्राध्यापकांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. खडखडाट तर आपण सगळ्यांनी आत्ता ऐकला. पण कांडी पडल्याचं एका माणसाला आधीच ठाऊक होतं; ती पुन्हा उभी करता येते ना, असं त्याने मघाशीच विचारलं. ज्याला म्हणे वाद्यातलं काहीच कळत नाही, अशा माणसाला."

सगळ्यांच्या नजरा धाकटीकडे वळल्या.

"बाबांची बोटं थरथरायला लागली होती," ती हळूच म्हणाली. "शेवटचं व्हायोलिन मी घडवलंय. हे. कांडीची जागा मी शोधली, आठ दिवस आवाज ऐकून ऐकून. बाबांनी वर स्वतःचं नाव घातलं आणि ताईला देऊन टाकलं. मला नुसतं म्हणाले, कुणाला बोलू नकोस." तिचा आवाज चढला. "आणि आता तेही तिच्यासाठीच विकायचं!"

"पैसे भरायची मुदत आज संपतेय! तिने मरावं असं वाटतं तुला?" प्राध्यापकांनी विचारलं.

"नाही हो! आजच्या दिवस गिऱ्हाईक टळलं तर तुम्ही दुसरीकडून पैसे आणाल, असं वाटलं. मुदत आज संपतेय हे मला आत्ता कळतंय. मला सांगतं कोण काही?"

कारागिराने आडवी घोडी उचलून हातात घेतली.

"मी कांडी उभी करीन," कारागीर चाचरत म्हणाला, "पण तो आवाज येईल का, सांगता येत नाही."

धाकटीने डोळे पुसले. कपाटाच्या वरून तिने कांडी बसवायची वाकडी सळई काढली, व्हायोलिन मांडीवर घेतलं आणि कांडी आत सरकवली. घोडी बसवून तारा ताणल्या, छेडून कान लावला, कांडी पुन्हा केसभर हलवली. कारागीर श्वास रोखून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा हेवा लपत नव्हता.

संध्याकाळी गिऱ्हाईकाने बराच वेळ वाजवलं आणि भाव न करता पैसे मोजले. मदतसंस्थेचं दार बंद व्हायच्या आत प्राध्यापक पोचले. तिथूनच त्यांनी फोन केला.

"भरले! आता रुग्णालयात तिला फोन लावतोय. तुझा काही निरोप?"

धाकटी रिकाम्या डब्याकडे पाहत राहिली.

"व्हायोलिन कुणी घडवलं होतं, ते सांगा तिला," ती म्हणाली. "पैशांचं मग सांगा."