निळं झाकण

उद्या विहिरीवर पोहायला जाणार म्हणता? जा की. मे महिना आहे, सुट्ट्या आहेत, पोरांनी पाण्यात पडायचं नाही तर काय पोळ्या लाटायच्या? समाधान, तो मोबाइल ठेव बाजूला. जिया, तू अशी जवळ सरक. तुमच्या शफीचाचाचं एवढं ऐका, मग जायचं का ते तुमचं तुम्ही ठरवा.

मखमलाबादच्या पुढे लहानूचा मळा आहे. झेंडूवाला लहानू. त्याच्या विहिरीवरची मोटार दुरुस्तीला माझ्याकडेच येते. हे मला त्यानंच सांगितलंय, दुकानात माझ्या स्टुलावर बसून.

धरणावर बाहेरगावची दोन पोरं बुडाली, तेव्हापासून लहानूनं नियमच केला होता. "नदी नको, कालवा नको, धरणाचं तर नावच काढू नका. घरची विहीर, डोळ्यापुढं, पाठीला डबा. काय व्हतंय?" लोक कौतुक करायचे, बाप असावा तर असा.

त्याची तेजस्विनी अकरा वर्षांची. गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा, निळं झाकण घट्ट लावून, सुती दोरीनं पाठीला बांधायचा. शेवटच्या पायरीवर ती बापाकडे पाठ करून उभी राहायची. लहानू डब्यावर दोन थापा मारायचा. टप, टप. म्हणजे सगळं ठीक, मार उडी.

फवारणीच्या पंपाला लागणाऱ्या पेट्रोलचा डबाही अगदी तसलाच. त्याचं झाकण तडकलेलं, पेट्रोल उडून जायचं. एका सकाळी लहानूनं झाकणांची अदलाबदल केली. चांगलं पेट्रोलला, तडकलेलं लेकीला! संध्याकाळी नवं आणू म्हणाला आणि फुलं घेऊन बाजारात गेला.

दुपारी त्याच्या बायकोनं, मनीषानं, डबा बांधून दिला. ती काठावरच होती. तिला पोहता येत नव्हतं. डबा हळूहळू भरत गेला, पोर मध्यावर होती. मनीषा ओरडली, माणसं धावली, पण उशीर झाला होता.

पोरीला वर काढताना ओढाताणीत डबा सुटून बाजूला पडला होता. डबा असून पोर बुडालीच कशी, असं जो तो विचारायला लागला. बाजारातून धावत आलेल्या लहानूनं डबा आधी उचलला. त्याला बघताक्षणी कळलं. आणि तो म्हणाला, "गाठ सुटली."

गाठ कुणी मारली होती? मनीषानं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. भावकीनं तिला बोल लावला, सासूनं लावला, आणि हा बाजूला मान खाली घालून बसला. ती दिवसदिवस स्वतःच्या हातांकडे बघायची. महिन्यानं कळवणला माहेरी गेली, ती गेलीच. लहानूनं डबा, झाकण, दोरी, सगळं बांधावर नेऊन जाळलं. राग येतो मला अजून.

एक वर्ष गेलं. गेल्या सालचा सतरा मे, शुक्रवार. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती, बारा वाजून दहा मिनिटांनी आली. लहानू मोटार चालू करायला विहिरीवर गेला. मोटार चालू झाली, पाणी काही येईना. पाइपाच्या तोंडाशी काहीतरी अडकलं असणार. त्यानं मोटार बंद केली, मोबाइलचा उजेड धरला आणि पायऱ्या उतरायला लागला.

खाली गार होतं. बेडूकसुद्धा ओरडत नव्हता.

शेवटच्या पायरीवर कुणीतरी उभं होतं.

पाठमोरं. ओली वेणी. पाठीला डबा... दोरीची गाठ घट्ट. जशी मनीषानं मारली होती तशी.

ती वळली नाही. वाट बघत होती... थापांची.

लहानूचा हात सवयीनं वर गेला. डब्यापासून चार बोटांवर थांबला.

"तेजू..."

झाकणाच्या तड्यातून पाणी गळत होतं. थेंब... थेंब...

सगळं ठीक आहे, असं कोणत्या तोंडानं सांगणार तो?

तो पळाला. पायऱ्या चढताना मागून आवाज आला. टप. टप.

मग उडी.

पहाटे पावणेसहाला फोन वाजला. मनीषाचा. अकरा महिन्यांत पहिल्यांदा.

"अहो, रात्री तिकडून इकडं कुणी आलं व्हतं का?"

"नाय. का गं?"

"उंबऱ्यावर निळं झाकण हाय. तेजूच्या डब्याचं व्हतं तसलं. ओलं हाय. पण पेट्रोलचा वास येतोय. पेट्रोलचा का येतोय हो?"

लहानूनं फोन ठेवला आणि शेडमध्ये जाऊन पाहिलं. पेट्रोलचा डबा उघडा होता.

त्यानं मला सगळं सांगितलं. तिला नाही सांगितलं.

गेल्या महिन्यात मी कामासाठी कळवणला गेलो होतो, मनीषाकडे पाणी प्यायलो. भिंतीतल्या देवळीत ते झाकण होतं. म्हणाली, "चाचा, रोज पुसून ठेवते, सकाळी परत ओलं. त्यांनी तुम्हाला काय सांगितलंय का? माझी गाठ खरंच सुटली व्हती का?"

एका शब्दात तिची सुटका झाली असती. पण लहानू माझं जुनं गिऱ्हाईक, माझा दोस्त... मी म्हटलं, "मला काही माहीत नाही, बेटा."

घरी येऊन हत्यारांची पिशवी उघडली. आत हे होतं. बघा. निळं, तडकलेलं, कडेला जळून काळं पडलेलं. आज दिवसभर मी ते पत्र्यावर उन्हात ठेवलं होतं.

जिया, हात लावून बघ... आहे ना ओलं?