वंशावळीतली कोरी चौकट

बाभुळगावचा देवराव ठाकरे धर्मपालच्या खोलीत आला तोच रडकुंडीला येऊन.

"माहा भाऊ उकंडा उद्याच्या गाडीनं राजूरले चाल्ला, साहेब. कोळशाच्या खाणीत. थांबवा त्याले."

"मी तपास करतो. गाड्या थांबवत नाही," धर्मपाल म्हणाला, पण खुर्ची पुढे सरकवली.

१९६१ साली यवतमाळात खाजगी तपास करणारा हा एकटाच. सोबतीला सायकल दुरुस्त करणारा खेमसिंग. मनानं निर्मळ, डोक्यानं जरा सावकाश.

हकीकत अशी. देवरावनं घराण्याची साडेआठ फुटी वंशावळ छापायला दिली होती. नऊ ताव छापून कापडावर डकवायचे. खालच्या ओळीत एकाच तावावर तिघे भाऊ: डावीकडे थोरला तुळशीराम, मध्ये देवराव, उजवीकडे धाकटा उकंडा. तुळशीराम चार वर्षांपूर्वी राजूरच्या खाणीत गेला तो परतलाच नाही. त्याच्या नावाआधी 'कै.' लिहिलं होतं. पहिला नमुना बरोबर निघाला. दुसऱ्या दिवशी पन्नास प्रती निघाल्या, त्यांत उजवी चौकट कोरी!

"उकंडा म्हन्ते, दादानं मले जितेपनी खोडलं. तिथंच एक भाऊ गेला, साहेब. माय मरून जाईन माही."

अब्दुल गनीचा शिळाछापखाना बाजारामागे होता; तिथं दगडावर लिहून त्यावरून कागद छापत. पन्नाशीचा गनी शाईनं बरबटला होता. तो म्हणाला, "छापताना मी अक्षरं वाचत नाही भाऊ, शाई पाहतो. गलती माझी."

त्यानं दगड दाखवला. डाव्या टोकाला धसमुसळे ओरखडे होते, चौकटीची वेलबुट्टीही खरवडली होती. कडेला पांढरं बोट उमटलं होतं. खेमसिंगनं मान वाकडी करून बाकीची नावं वाचायचा प्रयत्न केला. एकही लागलं नाही.

"तुम्ही दगडावरचं नाव कसं खोडता?" धर्मपालनं विचारलं.

"बारीक दगडानं घासून. असं नाही खरवडत!"

नमुना भिंतीवर टांगला त्या दुपारी गनी नमाजला गेला होता, देवराव कापडाच्या दुकानात. छापखान्यात नमुना पाहायला आलेल्या दोघीच होत्या: देवरावची बायको कौसल्या आणि म्हातारी माय मथुराबाई. दोघींना वाचता येत नव्हतं. कोणाचं नाव कुठं आहे, कोणाआधी 'कै.' आहे, ते देवरावनं जाण्याआधी नमुन्यावर बोट ठेवून सांगितलं होतं.

धर्मपालनं सगळ्यांना तिथंच बोलावलं. उकंडा दारातच उभा राहिला, बिऱ्हाडाची पेटी घेऊन.

"काहून बोलावलं? भावानं तोडलं ते तोडलं."

"वयनी, तुमचं अन् उकंडाचं भांडण होतं?" धर्मपालनं विचारलं.

"होतं," कौसल्या फणकारली. "नाव गेलं तवा मले बरं वाटलं, खोटं कायले बोलू? पन हात नाई लावला. मी डबा धुवाले नळावर गेलती."

"आणि तुम्ही, आजी?"

मथुराबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ती तळहातावर तंबाखूला चुना चोळत होती; मांडीवरच्या चंचीतून अडकित्ता डोकावत होता. "मी बसून होती, बाप्पा."

"उकंडा, भावाला तुझं नाव नको असतं तर त्यानं ते मुळात लिहूनच दिलं नसतं," धर्मपाल म्हणाला. "नमुन्यात होतं ते. खेमसिंग, दगडावरची नावं तुला का वाचता आली नाहीत?"

"उलटी असतीन."

"उलटीच असतात. म्हणून कागदावरचं डावं दगडावर उजवीकडे येतं. हे माहीत फक्त गनीभाऊंना, आणि ते असं खरवडणार नाहीत. बाकी माणूस नमुना पाहून त्याच बाजूला हात घालील. उकंडाला खोडायचं असतं तर कौसल्यावयनींनी उजवं टोक खरवडलं असतं. खरवडलंय डावं. म्हणजे खोडणाऱ्याला कागदावरचं डावं नाव नको होतं. तुळशीरामचं."

धर्मपाल दगडाजवळ वाकला.

"दगडाच्या कडेला चुन्याचं बोट आहे," धर्मपाल हळूच म्हणाला. "आजी, अडकित्त्यानं खरवडलंत ना?"

म्हातारीनं हातातली तंबाखू झटकून टाकली. "माह्या लेकाले मेला म्हनून छापून राह्यले होते. मंग तो आला तं त्याले काय दाखवाचं? मी म्हनलं, कागदावर तरी मरू नोको देऊ." ती चाचपडत उकंडाकडे वळली. "बापू, तुहं नाव गेलं मले मालूमच नाई."

उकंडाच्या हातातून पेटी सुटली. तो मायच्या पायाशी बसला. "नाई जात मी, माय."

"मंग तुळश्याले पाहाले राजूरले कोन जाईन?"

देवराव भिंतीला टेकला. इतकी वर्षं दाबून धरलेलं त्याला आता पेलवेना.

"नोको पाठवू कोनाले. मी गेलतो. दरड कोसळली होती... मीच अग्नी देल्ला त्याले. तुले सांगाची हिंमत नाई झाली, माय."

धर्मपालला स्वतःच्या हुशारीचा त्या क्षणी मनापासून तिटकारा आला. खेमसिंग उघडउघड रडत होता.

मथुराबाई रडली नाही. बराच वेळ ती उकंडाच्या केसांतून हात फिरवत राहिली. मग गनी होता त्या बाजूला तोंड करून म्हणाली,

"गनीभाऊ, दोघाईचंबी लिवा, जसं हाये तसं. मले मातर कोनी वाचून दाखवू नका."