गरम कुंडावर भरदुपारी

हसायचं त्यांनी खुशाल हसावं. माझे चुलत आजोबा धर्मराज जन्मभर जगाला हसले, आणि हे घडलं त्यांच्याच बाबतीत.

साल १९४५. निजामाचं राज्य. वैशाखातली अमावस्या. जागा, वडीगोद्रीपासून दोन कोसांवरचं गरम पाण्याचं कुंड.

शेठ हुकमचंदांना तिथं न्हाणीघरं बांधायची होती. विहीर कुठं खोदायची, ते सांगायला धर्मराज हैदराबादेहून यंत्र घेऊन आले. जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकायच्या, तारेतून वीज सोडायची, काटा बघायचा. खाली गरम पाणी असलं की काटा पडतो. एवढ्याशा विद्येवर हा माणूस अख्ख्या गावाला अडाणी म्हणायचा!

दूरची खुंटी बाभळींपलीकडे भुजंग, मदतीला घेतलेला गावातला गडी, ठोकायचा. ठोकून, तार जोडून ओरडायचा, "बराबर!"

बारा वाजता भुजंग जवळ आला. "सायेब, आता कुंड मोकळं सोडा लागतं. ही त्यांची आंघोळीची येळ हे."

"कुणाची? तुझ्या आजीची? जा, खुंटी ठोक."

भुजंग मान खाली घालून गेला.

थोड्या वेळानं बाभळींमागून घणाचा आवाज आला... मग "बराबर!"

काटा पडला.

पुन्हा घण... पुन्हा "बराबर!"

असं सात वेळा झालं. आठवी हाक आली...

अगदी कानाजवळून.

धर्मराज वळले. कुणीच नव्हतं.

ते बाभळींकडे धावले. घण आडवा पडलेला. खुंटी सकाळच्याच भोकात. आणि तार... गुंडाळून ठेवलेली.

मग काटा हलला कशानं?

भुजंगच्या घरी गेले, तर त्याची बायको झुंबरबाई म्हणाली, "ते तं कवाचे जेवून झोपलेत."

संध्याकाळी शेठ नकाशा मागायला आले. सातही आकडे एकाच जागेवर जुळत होते. पाणी पन्नास हात खाली. ते आकडे खोडायचे, तर कारण सांगावं लागणार. लोक हसणार.

"बिलकुल पक्की जगह ना?" शेठांनी विचारलं.

"बिलकुल," धर्मराज म्हणाले. असा हा शहाणा!

त्याच जागी विहीर खोदायला घेतली. विसाव्या हातावरच खडक फुटला. उकळतं पाणी उसळलं. तळाशी भुजंग होता.

तेराव्यानंतर झुंबरबाईनं एवढंच विचारलं, "सायेब, त्या दुपारी तुमाला कायच कळलं न्हाई का?"

"नाही," धर्मराज म्हणाले.

खरं काय ते त्यांनी मरताना माझ्या वडिलांना सांगितलं. तो आवाज कुणाचा, ते मला आजही ठाऊक नाही. पण या माणसाचा फोटो मी घरात लावू दिलेला नाही.