डाव्या दाराचा फुगवटा

गाडीची रेष माझी होती. दिव्यापासून मागच्या काचेपर्यंत एका दमात गेलेली. निम्मी पेट्रोलवर, निम्मी बॅटरीवर चालणारी, जीपसारखी उंच तरी कारसारखी सुटसुटीत, पंधरा वर्षांनी रस्त्यावर शोभेल अशी गाडी काढायची होती. बॅटरीवाले म्हणत तळ उचला, इंजिनवाले म्हणत बॉनेट फुगवा. त्या ओढाताणीत ती रेष मी आठ महिने डोळ्यांत तेल घालून सांभाळली होती.

पूर्ण मापाचं मातीचं मॉडेल उभं राहिलं. लोखंडी सांगाडा, त्यावर फोम, वर चार बोटं माती. आतून भरीव. काचांच्या जागी नुसते काळे कागद.

सादरीकरणाला नऊ दिवस असताना मोजणीच्या यंत्रानं डाव्या मागच्या दारावर तीन मिलिमीटरचा फुगवटा दाखवला. मातीकाम करणाऱ्या मास्तरांनी तो खरवडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन.

"मास्तर, आज तरी नीट घासा हो."

"बाई, तीस वर्षं हेच करतोय मी."

तिसऱ्या दिवशी चार. मी एसी तपासला, माती बदलून घेतली, दुसरं यंत्र मागवलं. आकडा हटेना. चौथ्या दिवशी माझं डोकंच फिरलं.

"माझी रेष पसंत नसेल तर तोंडावर सांगा ना! असा सूड कशाला उगवताय?"

मास्तरांनी खरवडणी टेबलावर ठेवली आणि ते घरी गेले. संध्याकाळी दार मी स्वतः घासलं, कुलूप लावलं, एकुलती एक किल्ली पर्समध्ये टाकली.

सकाळी आकडा सहा.

मी मास्तरांना फोन केला. "चुकलं माझं. या ना."

ते आले. दारावरून तळहात फिरवला.

"माती बसली तर खाली बसते, बाई. ही बाहेर येतेय."

भर दुपारी, सगळे दिवे लावून, आम्ही दार कापलं.

आत फोम नव्हता. पोकळी होती. पाठीशी कलती, गुडघ्यांपुढे मोकळी. एक माणूस आरामात बसेल एवढी. फोमचा भुगा कुठेच नव्हता. फुगवट्याच्या बरोबर मागे चार बोटं मावतील अशी खाच होती. दार उघडायची आतली कडी मी अजून कागदावरही काढली नव्हती. खाचेची कड हाताळून हाताळून गुळगुळीत झाली होती.

मला भीती वाटायला हवी होती. मला चीड आली. माझ्या गाडीत मी अजून एकदाही बसले नव्हते.

मी हात पुढे केला.

"नको," मास्तर म्हणाले.

विभागप्रमुखांनी पोकळीकडे पाहिलंही नाही. "भरून टाका. पाच दिवस उरलेत."

आम्ही फोम ठासून भरला, वर माती चढवली. दोन दिवस सगळे आकडे चोख आले. मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

आज सकाळी मास्तर यंत्रापाशी उभे होते.

"डावं मागचं दार?" मी विचारलं.

"शून्य."

"मग चेहरा का असा?"

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला.

फुगवटा पुढे आला होता. चालकाच्या दारावर.